बेकिंगसाठी घरगुती स्वादार्क : एक आढावा

केक, बिस्किटे, कस्टर्ड यांसारख्या पदार्थांत घालायचे सुवासिक द्रव बाजारात लहान बाटल्यांतून मिळतात आणि त्यांत दोन अगदी वेगळे प्रकार असतात. पहिला प्रकार कारखान्यात तयार केलेल्या एक-दोन सुगंधी रसायनांच्या द्रावणाचा. दुकानांतला स्वस्त व्हॅनिला इसेन्स बहुधा या जातीचा असतो आणि त्यात व्हॅनिलिन किंवा त्याहून काही पट तीव्र असे एथिल व्हॅनिलिन प्रॉपिलीन ग्लायकॉलसारख्या द्रवात विरघळवलेले असते. दुसरा प्रकार अर्काचा, म्हणजे शेंग, साल, बी, पान किंवा फूल यांतील स्वादद्रव्ये एखाद्या द्रावकात, अर्थात विरघळवून घेणाऱ्या द्रवात, उतरवून मग गाळलेल्या द्रवाचा. घरी केक करून विकण्याचा व्यवसाय महाराष्ट्रातील शहरांत रुजल्यापासून असे अर्क घरीच मुरवण्याकडे ओढा वाढला आहे, पण त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृती बहुतांशी अमेरिकी स्वयंपाकघरातून उचललेल्या असतात आणि तिथली फळे, तिथले मद्य व तिथले कायदे गृहीत धरून लिहिलेल्या असतात. कोणता स्वाद घरी मद्यार्कात उतरवावा, कोणता दूध, तूप किंवा साखरेच्या वाटेने घ्यावा आणि कोणत्याच्या वाटेला मुळीच जाऊ नये, हा या विषयातला खरा प्रश्न असून त्याचे उत्तर प्रत्येक वनस्पतीच्या रसायनात दडलेले आहे.

वनस्पतींतील बहुतेक सुगंधी द्रव्ये बाष्पनशील, म्हणजे सहज हवेत उडून जाणारी, आणि तेलासारख्या प्रकृतीची असतात. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण मद्यार्कात, म्हणजे एथिल अल्कोहोलात, विरघळतात. मद्यार्काचा रेणू एका टोकाने पाण्याशी आणि दुसऱ्या टोकाने तेलकट द्रव्यांशी जुळवून घेतो, त्यामुळे पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण दोन्ही स्वभावांची द्रव्ये एकाच वेळी ओढून घेऊ शकते. शिवाय पुरेशा तीव्रतेच्या मद्यार्कात बुरशी व जिवाणू वाढत नाहीत, म्हणून अर्क वर्षानुवर्षे टिकतो. मिश्रणात मद्यार्काचे प्रमाण किती असावे हे मात्र स्वादागणिक बदलते आणि घरगुती प्रयोग फसतात ते बहुधा याच ठिकाणी.

घरगुती अर्कांत व्हॅनिलाचे स्थान पहिले आहे आणि ते योग्यच आहे. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोची वेलवर्गीय ऑर्किड असून वेराक्रूझ भागातील टोटोनाक लोक तिची जोपासना करत, तर अॅझ्टेक लोक तिच्या शेंगा कोकोच्या पेयात घालत. वेल मेक्सिकोबाहेर नेला तरी त्याला शेंगा धरत नसत, कारण फुलाची रचना अशी आहे की परागकण आणि स्त्रीकेसराचा अग्रभाग यांच्यामध्ये एक पातळ पडदा येतो आणि हाताच्या मदतीशिवाय फलधारणा क्वचितच होते. बेल्जियममधील वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल मोरेन यांनी १८३६ साली हाताने परागीभवन घडवून दाखवले. परंतु शेतात सहज करता येईल अशी रीत १८४१ साली हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. काडीने पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा ही त्याची रीत आजही मादागास्करपासून केरळ-कर्नाटकापर्यंत वापरली जाते. फूल एकच दिवस उमलते, त्यामुळे बहराच्या काळात दररोज सकाळी वेलीवेलीपाशी माणूस उभा राहावा लागतो. व्हॅनिलाच्या किमतीमागे हे कष्ट आहेत आणि त्या कष्टांची पद्धत शोधणाऱ्या मुलाला जिवंतपणी त्याचा आर्थिक लाभ मिळाला नाही, ही या मसाल्याच्या इतिहासातील मोठी अन्यायाची गोष्ट आहे.

हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो. तिच्यात व्हॅनिलिन ग्लुकोजशी बांधलेल्या अवस्थेत, ग्लुकोव्हॅनिलिन या रूपात, असते आणि शेंगेतीलच एका विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने ते मोकळे व्हावे लागते. त्यासाठी वेलीवर आठ-नऊ महिने पक्व झालेल्या शेंगा सुमारे ६३ ते ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवतात, नंतर लोकरी कापडात गुंडाळून त्यांना घाम फुटू देतात, रोज थोडा वेळ उन्हात आणि पुढे कित्येक आठवडे सावलीत सुकवतात आणि शेवटी बंद पेटीत काही महिने मुरू देतात. एक किलो तयार शेंगांसाठी सुमारे पाच ते सहा किलो हिरव्या शेंगा लागतात. परसातल्या वेलीवरची शेंग तोडून थेट मद्यात टाकली, तर मद्य या विकराचे काम थांबवते आणि महिने उलटले तरी व्हॅनिलाचा अपेक्षित वास येत नाही. नारळ-सुपारीच्या बागेत हौसेने व्हॅनिला लावणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच जाणून घेतली, तर पुष्कळ निराशा टळेल.

व्हॅनिलिन हे व्हॅनिलाच्या स्वादाचे मुख्य द्रव्य असून १८५८ साली निकोला-तेओदोर गोब्ले या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १८७४ साली जर्मनीत टीमान आणि हार्मान यांनी सूचिपर्णी वृक्षांतील कोनिफेरिन या द्रव्यापासून ते कृत्रिमरीत्या तयार केले आणि तेव्हापासून इसेन्सची बाटली स्वस्त होत गेली. चांगल्या शेंगेत व्हॅनिलिनचे प्रमाण सुमारे दोन टक्के असते. उरलेल्या स्वादात दोनशेहून अधिक गौण संयुगांचा वाटा असतो आणि खऱ्या अर्काला जी खोली येते ती या संयुगांमुळे. ती भाजल्यावर कितपत टिकते, याचा विचार पुढे येईलच.

किती शेंगा आणि किती मद्य, या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मानकात सापडते. त्यानुसार ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ म्हणवणाऱ्या द्रवात घनफळाने किमान ३५ टक्के मद्यार्क हवा आणि एका अमेरिकी गॅलनला १३.३५ औंस शेंगांचा अंश उतरलेला हवा. दशमान पद्धतीत हे प्रमाण लिटरला जवळजवळ नेमके १०० ग्रॅम भरते. म्हणजे पाव लिटर अर्काला २५ ग्रॅम शेंगा लागतात, आणि पाव लिटर मद्यात दोन-तीन शेंगा सोडायला सांगणाऱ्या प्रचलित कृतींतून जे तयार होते ते फार तर व्हॅनिलाचा वास लागलेले मद्य असते. भारतीय व्होडका व रम यांत मद्यार्क साधारण ४२.८ टक्के असतो आणि तो या कामासाठी अगदी योग्य आहे. त्याहून फार तीव्र मद्यार्क शेंगेला कोरडी व ताठ करतो आणि पाण्यात विरघळणारी द्रव्ये मागे ठेवतो. व्होडकाला स्वतःचा वास जवळजवळ नसल्याने शेंगेचा स्वाद स्वच्छ उतरतो, रमने त्याला गुळचट जोड मिळते. गोव्याची काजू फेणी मात्र तिच्या स्वतःच्या उग्र गंधामुळे येथे उपयोगाची नाही. बाजारातील जाड, ओलसर, तेलकट दिसणाऱ्या पहिल्या प्रतीच्या शेंगा महाग असतात, पण त्यांच्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. अर्कासाठी वीस-पंचवीस टक्के ओलाव्याच्या, दिसायला सुकट अशा दुसऱ्या प्रतीच्या शेंगाच घ्याव्यात. त्या उभ्या चिरून, लहान तुकडे करून, काचेच्या बाटलीत मद्यात पूर्ण बुडवून अंधाऱ्या जागी ठेवल्या आणि अधूनमधून बाटली हलवली, तर दोन महिन्यांत वापरण्याजोगा आणि सहा महिने ते वर्षभरात उत्तम अर्क तयार होतो. बाटलीत वरून मद्य भरत राहिले की ती कधीच संपत नाही, हा समज चुकीचा आहे. शेंगेतला अंश एकदा उतरला की पुढचे प्रत्येक भरण अधिक फिके होत जाते. अशा वापरलेल्या शेंगा वाळवून साखरेच्या डब्यात पुरणे हा त्यांचा शेवटचा आणि चांगला उपयोग आहे.

लिंबूवर्गीय फळांच्या बाबतीत चित्र पालटते. संत्र्याच्या सालीच्या रंगीत थरात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या संयुगाचा असतो, तर लिंबाचा ओळखीचा वास मुख्यतः सिट्राल देते. ही तेले पातळ मद्यात नीट विरघळत नाहीत. अमेरिकी कृतींत यासाठी ७५ ते ९५ टक्के तीव्रतेचे धान्यमद्य वापरले जाते, पण तसे मद्य आपल्याकडे घरगुती ग्राहकाला दुकानात मिळत नाही, आणि ४२.८ टक्क्यांच्या व्होडकात नागपुरी संत्र्याच्या साली महिनाभर ठेवल्या तरी त्यातून येणारा अर्क विकतच्या अर्काच्या मानाने दुबळाच राहतो. त्यातच अमेरिकी ‘लेमन’ हे फळ आपल्या कागदी लिंबाहून वेगळे आहे. कागदी लिंबाची साल पातळ असते, तिच्या तेलाचा गंध वेगळा व तिखट असतो आणि किसताना खालचा पांढरा थर सहज येतो, जो अर्काला कडू करतो. अशा स्थितीत अधिक शहाणपणाचा मार्ग साखरेचा आहे. फळ गरम पाण्याने घासून धुवावे, रंगीत साल हलक्या हाताने किसावी आणि केकमध्ये जाणाऱ्याच साखरेत ती बोटांनी चोळून तासभर ठेवावी. साखरेचे खरखरीत कण तेलाच्या पिशव्या फोडतात आणि बाहेर आलेले तेल त्यांच्यावर बसते, साखर ओलसर आणि रंगीत होते. पुढे ती लोण्याबरोबर फेटली की तेल स्निग्धांशात विरघळते आणि भट्टीत इतक्या सहजी उडत नाही. संत्रा केकसाठी बाटलीतल्या कोणत्याही घरगुती अर्कापेक्षा ही रीत सरस ठरते, हे निःसंकोच म्हणता येते.

मराठी स्वयंपाकघराला हे तत्त्व नवे नाही. वेलदोडे आणि जायफळ साखरेबरोबर कुटण्याची चाल, केशर कोमट दुधात खलण्याची चाल, गुलाबाच्या पाकळ्या साखरेत मुरवून गुलकंद करण्याची चाल या सर्व स्वाद उतरवण्याच्याच पद्धती आहेत आणि त्यांत द्रावकाची निवड फार अचूक झालेली आहे. केशराचा रंग देणारे क्रोसिन पाण्यात विरघळते, तर त्याचा गंध देणारे सॅफ्रनाल स्निग्ध पदार्थांकडे ओढले जाते. दुधात पाणी आणि स्निग्धांश दोन्ही असल्याने ते केशराला मद्यापेक्षाही अधिक मानवते. वेलदोड्यातील सिनिओल व टर्पिनिल अॅसिटेट ही द्रव्ये तुपात किंवा लोण्यात सुरेख उतरतात. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांतील मावा केकचा दरवळ वेलदोड्याच्या ताज्या पुडीतून येतो. त्यासाठी अर्काची बाटली लागत नाही. वेलदोड्याचा अर्क करायचाच असेल, तर सालपट काढून दाणे जेमतेम फोडावेत आणि चार-सहा दिवसांत चाखून गाळावे, कारण अधिक काळाने स्वादापेक्षा तुरटपणाच वाढतो. दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड भरपूर असल्याने तिचा अर्क लवकर तयार होतो. मात्र बाजारात दालचिनी म्हणून विकली जाणारी जाड, कडक साल पुष्कळदा कॅसियाची असते आणि तिच्यात यकृताला अपायकारक ठरू शकणारे कुमारिन बरेच असते, म्हणून अनेक पातळ थरांची, बोटांनी चुरता येणारी सिलोनी साल निवडावी.

कॉफी आणि कोको यांचे अर्क मात्र घरी मन लावून करावेत असे आहेत. भाजलेल्या कॉफीच्या बिया जाडसर भरडून रममध्ये दोन-तीन दिवस ठेवल्या की दाट, चॉकलेट केकला उठाव देणारा अर्क मिळतो. आठवड्यानंतर मात्र कडवटपणा चढतो. भाजलेल्या कोको बियांच्या तुकड्यांना अधिक वेळ लागतो. नारळाचा अर्क करताना खोबऱ्याचा कीस आधी खरपूस भाजावा आणि मुरल्यानंतर बाटली काही तास फ्रीजमध्ये ठेवावी, कारण खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते आणि वरचा गोठलेला थर काढून टाकल्यावर खाली स्वच्छ अर्क उरतो. पुदिन्याचा विषय थोडक्यात आटोपण्याजोगा आहे : आपल्या भाजीबाजारातील पुदिन्यात मेंथॉलऐवजी कार्व्होन प्रधान असल्यामुळे त्याच्या अर्काला चॉकलेटी पुदिना-गोळीची थंडाई येत नाही, हिरव्या चटणीची आठवण येते.

ताज्या फळांचे अर्क हे या क्षेत्रातील सर्वाधिक फसवे प्रकरण आहे. स्ट्रॉबेरी किंवा आंबा यांत पाण्याचा वाटा ऐंशी-नव्वद टक्के असतो. फळ मद्यात टाकले की हे पाणी बाहेर येते, मद्यार्काचे प्रमाण घसरते आणि फळ जास्त व मद्य कमी असेल तर मिश्रण आंबण्याइतके पातळ होते. हापूसचा स्वाद तर अनेक गटांतील द्रव्यांच्या मेळातून घडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे की फळ पिकताना त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन वर्गांतील संयुगे तयार होतात आणि पक्व हापूसची ओळख त्यांतून साकारते. हा मेळ बाटलीत उतरवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा आटवलेला रस किंवा आंबापोळी केकच्या मिश्रणात घालणे केव्हाही फलदायी. सुकी फळे मात्र मद्यात उत्तम मुरतात. वसईत आणि गोव्यात नाताळच्या केकसाठी मनुका, बेदाणे व संत्र्याची साल कित्येक आठवडे आधी रममध्ये भिजत घालतात. भिजवण उपसल्यावर तळाशी उरणारी रम हा स्वतःच एक समृद्ध अर्क असतो आणि तो टाकून देणे ही नासाडी होय.

बदामाच्या अर्काबाबत भूमिका स्पष्ट असावी : तो घरी करू नये. गोड बदामाला तो वास नसतोच. बाटलीतला ‘आमंड’ स्वाद बेंझाल्डिहाइडचा असतो आणि तो कडू बदाम, जर्दाळूच्या बियांतील गर यांसारख्या पदार्थांतून येतो. या गरात अमिग्डालिन नावाचे संयुग असते. १८३७ साली व्योलर आणि लीबिग यांनी दाखवले की विकराच्या क्रियेने त्याचे विघटन होऊन ग्लुकोज व बेंझाल्डिहाइड यांच्याबरोबर हायड्रोजन सायनाइड हे घातक विषही मुक्त होते. कारखान्यात हे विष चुना आणि फेरस सल्फेट यांच्या प्रक्रियेने काढून टाकले जाते आणि तपासणीनंतरच तेल पुढे जाते. घरी यातले काहीही शक्य नाही. गर भाजल्याने विकर नष्ट होतो, पण अमिग्डालिन शिल्लक राहते आणि आतड्यांतील जिवाणू तेच विघटन घडवू शकतात. जर्दाळूच्या बिया फोडून मद्यात घालण्याच्या कृती जागोजाग फिरत असल्या, तरी त्यांचा अवलंब टाळावा. या एका स्वादासाठी विकतची, विश्वसनीय बाटली हाच मार्ग आहे.

द्रावकाच्या निवडीतही जिवावर बेतू शकते. रंगकामाचे किंवा स्टोव्ह पेटवण्याचे स्पिरिट मुद्दाम विषारी केलेले असते आणि त्यात बहुधा मिथेनॉल असते. औषधी दुकानातील जखमेवरचे स्पिरिटही अन्नासाठी नसते. २०१५ साली मुंबईच्या मालवणी भागात मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला, हे विसरता येत नाही. स्वादार्कातील भेसळीचे उदाहरणही इतिहासात आहे : अमेरिकेत दारूबंदीच्या काळात आल्याचा ‘जमैका जिंजर’ हा अर्क दारूऐवजी प्यायला जाई आणि १९३० साली त्यात ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट मिसळल्याने हजारो लोकांचे पाय कायमचे लुळे पडले. दुसरा धोका आगीचा. अर्क लवकर व्हावा म्हणून शेंगा आणि मद्य कुकरमध्ये तापवण्याचा सल्ला दिला जातो, परंतु ४० टक्के मद्यार्काच्या द्रवातून सुमारे २६ अंश तापमानालाच पेट घेऊ शकणारी वाफ निघू लागते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचे तापमानच त्याहून अधिक असते. मद्य मुरवणे हे धीराचे काम आहे आणि ते आचेपासून दूरच व्हावे.

मद्य टाळणाऱ्यांसाठी ग्लिसरीन हा पर्याय सुचवला जातो. खाद्य दर्जाचे वनस्पतिजन्य ग्लिसरीन गोड, दाट आणि निरुपद्रवी असते, त्यात व्हॅनिलिन बऱ्यापैकी उतरते. परंतु लिंबूवर्गीय तेलांसाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहे आणि पाणी घालून ते फार पातळ केले तर बुरशी धरते. तेलात ताजी पाने किंवा आले मुरवून खोलीच्या तापमानाला ठेवणे तर धोकादायक आहे, कारण हवाबंद, आम्लता कमी असलेल्या तेलाखाली बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. मद्य टाळणाऱ्या कुटुंबांसाठी व्हॅनिला साखर, केशर-दूध आणि वेलदोड्याचे तूप यांच्याइतके चांगले दुसरे काही नाही.

एवढे सायास भट्टीत कितपत टिकतात, हेही पाहिले पाहिजे. १८० अंशांवर पातळ बिस्किट भाजताना गौण संयुगे बहुतांशी उडून जातात आणि मागे मुख्यतः व्हॅनिलिन उरते. म्हणून बिस्किटांत खरा अर्क आणि साधा इसेन्स यांतला फरक पुष्कळांना जाणवत नाही आणि तिथे महागडा अर्क खर्ची घालण्यात हशील नाही. कस्टर्ड, आइस्क्रीम, केकवरील साय किंवा लोण्याचे आयसिंग यांत उष्णता कमी अथवा शून्य असल्याने तोच अर्क आपली पूर्ण किंमत वसूल करून देतो. कस्टर्डात तो पातेले आचेवरून उतरवल्यानंतर घालावा आणि केकमध्ये लोणी-साखर फेटतानाच घालावा, म्हणजे स्निग्धांश त्याला धरून ठेवतो.

भाजताना मद्यार्क पूर्णपणे उडून जातो, हा समजही दुरुस्त करायला हवा. अमेरिकी कृषी विभागाच्या सारणीनुसार मिश्रणात ढवळून घातलेला मद्यार्क अर्धा तास भाजल्यावर सुमारे ३५ टक्के आणि तासाभरानंतर सुमारे २५ टक्के शिल्लक राहतो. एका केकमध्ये जाणाऱ्या चमचाभर अर्कातून उरणारे प्रमाण अगदी अल्प असते आणि त्याने नशा येण्याचा प्रश्नच नाही. पण धर्म, व्रत किंवा औषधोपचार यांमुळे मद्य वर्ज्य मानणाऱ्या माणसासाठी प्रश्न प्रमाणाचा नसतो. महाराष्ट्रात मद्य विकत घेणे, बाळगणे आणि पिणे यांसाठी परवाना लागतो आणि घरून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू आहे. घरात वापरण्यासाठी बाटलीभर अर्क मुरवणे आणि तो अर्क बाटल्यांत भरून विकणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या घरगुती व्यावसायिकांच्या केकमध्ये मद्यात मुरवलेला अर्क किंवा रममधली फळे जातात, त्यांनी मद्यार्काचा उल्लेख डब्यावरील घटकांच्या यादीत ठळकपणे करावा आणि ग्राहकाने विचारण्याची वाट पाहू नये.